‘लिप सर्व्हिस’ म्हणजे नक्की काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजीतून मराठी करण्याच्या कामात काही शब्दप्रयोग असे भेटतात, की अर्थ चटकन कळतो आणि मराठी शब्द मात्र हाताला लागत नाही. ‘टु पे लिप सर्व्हिस’ हा त्यातलाच. विद्यार्थी, नवे भाषांतरकार आणि मुद्रितशोधक मित्र याबद्दल पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एका जागी आणलं आहे.

थोडक्यात अर्थ सांगाल का?

एखाद्या तत्त्वाला, मागणीला किंवा धोरणाला तोंडाने पाठिंबा द्यायचा आणि त्यासाठी करायचं काहीच नाही, असं वागणं म्हणजे लिप सर्व्हिस. पाठिंबा ओठांपर्यंत येतो आणि तिथेच थांबतो.

म्हणजे खोटं बोलणं, असंच ना?

नाही. बहुतेकांची गल्लत इथेच होते.

खोटं बोलणारा वस्तुस्थिती लपवतो. लिप सर्व्हिसवाला जे बोलतो ते बहुधा बरोबरच असतं. ‘नव्या लोकांना संधी मिळायला हवी’ यात खोटं काय आहे? फक्त ते बोलणाऱ्याला त्यापायी स्वतःचा वेळ, पैसा किंवा खुर्ची यातलं काही सोडायचं नसतं. गंमत म्हणजे पुष्कळदा त्याला मनापासून वाटत असतं की आपण त्याच बाजूचे आहोत. सभेत चार चांगली वाक्यं बोलून झाली की काम झाल्याचं समाधानही मिळतं.

ढोंगीपणाशीही याची सरमिसळ होते. दारू वाईट असं दिवसा सांगून रात्री पिणारा तो ढोंगी. दारूबंदीच्या ठरावाला सगळ्यांसोबत हात वर करून नंतर त्या ठरावाची फाइल कधी उघडायचीच नाही, ती लिप सर्व्हिस. पहिला बोलण्याच्या उलट वागतो, दुसरा काही करतच नाही. खुशामत आणखी वेगळी. खुशामत माणसाची होते, लिप सर्व्हिस विचाराची किंवा उद्दिष्टाची.

हा शब्दप्रयोग आला कुठून?

थेट पूजाप्रार्थनेतून. ‘सर्व्हिस’चा एक जुना अर्थ उपासना असा आहे. चर्चमधल्या प्रार्थनेला इंग्रजीत आजही सर्व्हिसच म्हणतात. म्हणजे ‘लिप सर्व्हिस’चा शब्दशः अर्थ नुसत्या ओठांनी केलेली उपासना.

कल्पना त्याहून खूप जुनी आहे. बायबलमधल्या यशया या पुस्तकात (अध्याय २९, ओवी १३) देवाची तक्रार येते, की हे लोक ओठांनी माझा सन्मान करतात, पण त्यांचं अंतःकरण माझ्यापासून दूर आहे. येशूने हेच वचन परूशी आणि शास्त्री या यहुदी धर्मपंडितांना सुनावल्याचं मत्तयच्या शुभवर्तमानात (१५:८) आहे. १६११च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात दोन्ही ठिकाणी ‘लिप्स’ हाच शब्द आहे.

युरोपात सोळाव्या शतकात धर्मसुधारणेची चळवळ उसळली, तेव्हा अर्थ न कळता पुटपुटलेल्या प्रार्थनांवर सुधारकांनी झोड उठवली. १५३०च्या दशकातल्या इंग्रजीत त्यासाठी ‘लिप लेबर’ असा शब्द मिळतो, ओठांची मजुरी. १६४०च्या दशकापर्यंत ‘लिप सर्व्हिस’ही लिखाणात आलेला दिसतो. पुढे धर्माचा संदर्भ विरत गेला आणि आता तो राजकारणात, कचेऱ्यांत, पर्यावरणावरच्या परिषदांत सगळीकडे चालतो.

शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’मध्ये याचा एक सख्खा भाऊ आहे, ‘माउथ-ऑनर’. त्याच्याकडे पुढे येऊच.

मग ‘पे’ का? यात पैसे कुठे आहेत?

पैसे नाहीत. इंग्रजीत लक्ष ‘पे’ करतात, भेट ‘पे’ करतात, आदरांजलीही ‘पे’ करतात. समोरच्याचं जे देणं लागतो ते अर्पण करणं, असा तो अर्थ. आपण मान ‘देतो’, लक्ष ‘देतो’, तसंच.

तरी मला या क्रियापदात एक खोच दिसते. देणं लागत होतं कृतीचं आणि चुकतं केलं शब्दांनी, असं काहीसं त्यातून ऐकू येतं. ही व्युत्पत्ती नव्हे, माझं ऐकणं आहे. परीक्षेत लिहू नका.

वाक्यात वापरताना काय सांभाळायचं?

त्याचं अनेकवचन होत नाही आणि आधी ‘अ’ हे उपपद लागत नाही. ‘ही पेड अ लिप सर्व्हिस’ ही आपल्याकडची अगदी नेहमीची चूक. नंतर ‘टु’ येतो, पण हा ‘टु’ क्रियापदाचा नव्हे. म्हणून ‘टु रिड्यूस वेस्ट’ म्हणायचं नाही, ‘टु रिड्यूसिंग वेस्ट’ म्हणायचं.

‘टु’च्या पुढे सहसा माणूस येत नाही. समता, सुरक्षा, सुधारणा, लोकशाही असं काहीतरी येतं. ‘शी पेड लिप सर्व्हिस टु हर बॉस’ ऐकणाऱ्याला खटकतं. साहेबांच्या ‘कल्पनेला’ म्हटलं की वाक्य बसतं.

‘पे’ऐवजी ‘गिव्ह’ही कानावर पडतो, पण लिहिताना ‘पे’च बरा. जुन्या पुस्तकांत मधे छोटी जोडरेघ दिसेल, हल्ली दोन शब्द सुटे लिहितात. उच्चारात जोर ‘लिप’वर.

मराठीत याला काय म्हणायचं?

एक शब्द मागाल तर ‘तोंडदेखला’. तोंडदेखला पाठिंबा, तोंडदेखलं कौतुक, तोंडदेखली सहानुभूती. पन्नास टक्के वाक्यं यावर निभावून जातात (हा आकडा माझ्या अंदाजाचा, मोजलेला नाही).

उरलेल्या वाक्यांत मात्र तो अडतो. ‘तोंडदेखला’ म्हटलं की समोर कुणीतरी उभं असायला हवं, कारण तोंड पाहूनच ते कौतुक झालेलं असतं. इंग्रजी लिप सर्व्हिसला समोर माणूस लागत नाही. ती जाहीरनाम्यात असते, कंपनीच्या अहवालात असते, कायद्याच्या प्रस्तावनेत असते. तिथे ‘तोंडदेखला’ लिहिलं तर कुणाचं तोंड, असा प्रश्न पडतो. अशा वेळी ‘नावापुरता’, ‘शाब्दिक’, ‘कागदोपत्री’ हे शब्द कामाला येतात. कधी नाम सोडून क्रियापदाकडे वळलं की वाक्य सुटतं: नुसतं नाव घेणे, जप करणे, माळ ओढणे. ‘विकेंद्रीकरणाचा जप सगळेच करतात’ हे कुठल्याही शब्दकोशातल्या प्रतिशब्दापेक्षा चांगलं मराठी आहे. शिवाय जपात ओठ हलतातच, म्हणजे मूळ प्रतिमाही नकळत सांभाळली जाते.

आपल्याकडे याच घरातले आणखी दोन प्रयोग आहेत आणि तेही देवघरातूनच आलेले. ‘देखल्या देवा दंडवत’ म्हणजे वाटेत देव दिसला म्हणून हात जोडले, एरवी आठवणही नव्हती. दुसरा ‘मम म्हणणे’. पूजा गुरुजींनी सांगायची, यजमानाने मधूनमधून ‘मम’ म्हणायचं. तिथून तो प्रयोग विचार न करता नुसता होकार भरण्यासाठी आला. समितीतल्या सदस्यांबद्दल ‘पेड लिप सर्व्हिस टु द प्लॅन’ असं वाक्य आलं, तर ‘योजनेला नुसतं मम म्हटलं’ हे तंतोतंत बसू शकतं. मात्र ‘मम’मध्ये दुय्यमपणा आहे, सूत्रं दुसऱ्याच्या हाती असतात. लिप सर्व्हिस देणारा स्वतः सर्वोच्च अधिकारी असेल तर तिथे ‘मम’ चालणार नाही.

‘बोलाचीच कढी, बोलाचाच भात’ तर सगळ्यांना पाठ असतं. तुकोबांच्या त्या ओळीचा पुढचा भाग ‘जेवूनिया तृप्त कोण झाला’ हा आहे आणि खरी धार तिथे आहे. ही म्हण ताटावर बसलेल्याच्या बाजूने बोलते. ज्यांना आश्वासनं मिळाली त्यांची फसगत सांगायची असेल तेव्हा ती वापरावी. वाढणाऱ्याचा निरुत्साह सांगायचा असेल तर ती फार मोठी पडते.

‘ओठात एक आणि पोटात एक’ चालेल का?

ओठ आहेत म्हणून मोह होतो. टाळा. त्यात कपट आहे, पोटात काहीतरी वेगळं शिजतंय. लिप सर्व्हिसमध्ये पोटात पुष्कळदा काहीच नसतं.

‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ हे उपदेश करणाऱ्यासाठी. ‘तोंडपाटीलकी’ म्हणजे स्वतः हात न लावता हुकूम सोडणं, तीही वेगळी. ‘पूतनामावशीचं प्रेम’ तर पार दुसऱ्या टोकाला गेलं, तिथे विष आहे.

भाषांतरात याचा घोटाळा झालेला पाहिला आहे का?

पाहिला आहे आणि त्यात हातभारही लावला आहे. एका संस्थेचा जाडजूड अहवाल तपासायला आला होता. मराठीत वाक्य होतं: ‘व्यवस्थापनाने वर्षानुवर्षे सुरक्षेला मौखिक सेवा दिली.’ मी ‘मौखिक’ खोडून ‘शाब्दिक’ केलं आणि पुढे गेलो. पुढचं वाक्य होतं: ‘परंतु यंत्रांवरच्या तुटलेल्या संरक्षक जाळ्या एकदाही बदलल्या नाहीत.’ त्या ‘परंतु’पाशी अडखळलो. आधीच्या वाक्यात व्यवस्थापनाने सेवा दिली आहे, म्हणजे हे कौतुक चाललंय की काय? मूळ इंग्रजी काढून पाहिलं, तेव्हा तिथे ‘पेड लिप सर्व्हिस टु सेफ्टी’ बसलेलं.

शेवटी असं केलं: ‘व्यवस्थापन वर्षानुवर्षं सुरक्षेचं नुसतं नाव घेत राहिलं. यंत्रांवरच्या तुटक्या जाळ्या मात्र एकदाही बदलल्या गेल्या नाहीत.’ ‘सेवा’ हा शब्द गेला आणि टीका परत आली.

तेव्हापासून नव्या भाषांतरकारांना एवढंच सांगतो, की या प्रयोगाच्या आसपास ‘पण’, ‘मात्र’, ‘तरीही’ शोधा. इंग्रजी लेखक बहुतेक वेळा पुढच्याच वाक्यात न झालेली कृती सांगतो. मराठी शब्द निवडायचा तो त्या न झालेल्या कृतीकडे बघून.

‘ओठसेवा’ असा नवा शब्द का करू नये?

विनोदी लेखात जरूर करा. खरं तर मराठीत ‘सेवा’ शब्दाला देवाची सेवा हा अर्थ आहेच, त्यामुळे ‘ओठसेवा’ मूळ इंग्रजीच्या जितकी जवळ जाते तितकं दुसरं काही जात नाही. पण आज ‘सेवा’ म्हटलं की ग्राहक सेवा, बस सेवा, इंटरनेट सेवा डोळ्यांपुढे येते. वाचणाऱ्याला ओठांना मलम लावून देणारं केंद्र आठवेल.

‘रीड माय लिप्स’चा याच्याशी संबंध आहे का?

ओठांपलीकडे नाही. ‘नीट ऐकून ठेवा’ असं ठासून सांगायला तो वापरतात. सगळ्यात गाजलेला वापर जॉर्ज बुश (थोरले) यांचा. १८ ऑगस्ट १९८८ रोजी न्यू ऑर्लिन्सच्या पक्ष अधिवेशनात ते म्हणाले, की माझे ओठ वाचा, नवे कर लागणार नाहीत. १९९०मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसशी, म्हणजे तिथल्या संसदेशी, तडजोड करताना त्यांना करवाढ मान्य करावी लागली आणि १९९२ची निवडणूक ते हरले.

ही लिप सर्व्हिस होती का, असं वर्गात विचारलं की अर्धे हात वर येतात. माझ्या मते नव्हती. तो मोडलेला शब्द होता. ठोस वचन दिलं होतं, म्हणून ते मोडल्याचं बोटाने दाखवता आलं. लिप सर्व्हिस देणारा असं कचाट्यात सापडत नाही, कारण तो तारीख, आकडा, जबाबदार माणूस यातलं काहीच सांगत नाही. ‘आम्ही या बाबतीत अत्यंत संवेदनशील आहोत’ हे वाक्य मोडणार कसं?

मग ती ओळखायची कशी?

वरच्या उत्तरावरून वाटेल की आकडा आला की लिप सर्व्हिस संपली. तसंही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७०मध्ये ठरवलं, की श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम विकास साहाय्यासाठी द्यावी. आकडा अगदी स्वच्छ. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग अशा मोजक्या देशांनी तो वर्षानुवर्षं पाळून दाखवला. उद्दिष्ट मान्य केलेल्या बाकी बहुतेकांनी परिषदांमधून त्याचा पुनरुच्चार केला आणि रक्कम खालीच ठेवली. इंग्रजी अग्रलेखांत अशा जागी हा शब्दप्रयोग हमखास येतो.

रोजच्या पातळीवर बैठकीचं इतिवृत्त पाहावं. ‘सर्वांनी या सूचनेचं स्वागत केलं’ असं लिहिलं असेल आणि शेजारच्या ‘जबाबदारी’ आणि ‘मुदत’ या दोन रकान्यांत आडवी रेघ असेल, तर समजून जायचं. पुढच्या महिन्याच्या इतिवृत्तात तेच स्वागत पुन्हा दिसलं, की शंकेला जागा उरत नाही.

एक सावधगिरी मात्र घ्यायला हवी. न जमणं वेगळं आणि न करणं वेगळं. प्रयत्न करून अपयश आलेल्याला लिप सर्व्हिसचा ठपका लावणं अन्यायाचं आहे आणि वादात हा शब्द असा सर्रास फेकला जातो.

दोष नेहमी बोलणाऱ्याचाच असतो का?

या प्रश्नापाशी मी स्वतः सगळ्यात जास्त रेंगाळतो.

आता तो ‘माउथ-ऑनर’. राजाचा खून करून गादी बळकावलेला मॅक्बेथ नाटकाच्या पाचव्या अंकात चहूकडून घेरला गेला आहे. म्हातारपणी माणसाला मान, प्रेम, आज्ञाधारकपणा, मित्रांचा गोतावळा मिळावा, तो आपल्याला मिळणार नाही, हे त्याला उमगतं. त्याच्या वाट्याला मोठ्याने न उच्चारलेले पण खोल शाप आहेत आणि तोंडापुरता मान, जो बिचारं मन नाकारू पाहतं पण धजत नाही. इथे तोंडदेखला मान देणारे लबाड नाहीत, ते घाबरलेले आहेत. दोष ज्याला मान मिळतोय त्याचा आहे आणि ते त्याला स्वतःलाच कळलेलं आहे.

विसाव्या शतकात चेक नाटककार वात्स्लाव हावेल यांनी १९७८च्या एका निबंधात हीच गोष्ट एका भाजीवाल्यावरून सांगितली. हा दुकानदार खिडकीत कांदे आणि गाजरांच्या मधोमध ‘जगातील कामगारांनो, एक व्हा’ अशी पाटी लावतो. कामगारांच्या एकीचं त्याला काही पडलेलं नसतं. पाटी वरून आलेली असते, सगळे लावतात, न लावली तर त्रास होईल. मी आज्ञाधारक आहे, मला सुखाने राहू द्या, एवढाच त्या पाटीचा खरा मजकूर. हावेल स्वतः तिथल्या त्या कम्युनिस्ट राजवटीत तुरुंगात गेले आणि १९८९च्या अखेरीस देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले.

इंग्रजीत दोन्हींना लिप सर्व्हिस म्हणता येतं, सुस्त मंत्र्याच्या भाषणालाही आणि भेदरलेल्या भाजीवाल्याच्या पाटीलाही. मराठी करताना हा फरक पुसू नये. पहिल्याला ‘नुसती बडबड’ म्हणता येईल. दुसऱ्याला ‘वरकरणी होकार’ किंवा ‘नाइलाजाने मान डोलावणं’ म्हणावं.

टोकनिझम, ग्रीनवॉशिंग, व्हर्च्यू सिग्नलिंग हे सगळं तेच का?

शेजारी आहेत, एक नव्हेत.

टोकनिझममध्ये थोडीशी कृती होते, दाखवण्यापुरती: बारा जणांच्या मंडळावर एक स्त्री नेमली आणि विषय मिटवला. लिप सर्व्हिसमध्ये तेवढंही होत नाही.

ग्रीनवॉशिंगला जन्मापासून धंद्याचा वास आहे. अमेरिकी पर्यावरणवादी जे वेस्टरवेल्ड यांनी १९८६मध्ये हा शब्द वापरला तो हॉटेलांतल्या पाट्यांवरून. टॉवेल पुन्हा वापरा, पर्यावरण वाचवा, असं पाहुण्यांना सांगायचं आणि वाचवायचं धुलाईचं बिल. म्हणजे इथे बोलण्यामागे विक्री किंवा बचत आहे.

व्हर्च्यू सिग्नलिंग म्हणजे आपण किती भले आहोत ते लोकांना दिसावं म्हणून बोलणं. हा शब्द हल्ली प्रतिपक्षाला गप्प करायला इतका वापरला जातो, की मी तो शक्यतो टाळतो.

‘क्रोकोडाइल टिअर्स’ आणि ‘डॅम विथ फेंट प्रेझ’?

पहिले नक्राश्रू, खोटं दुःख. दुसरा प्रयोग अलेक्झांडर पोपच्या १७३५च्या कवितेतला: इतकं कोमट कौतुक करायचं की ऐकणाऱ्याला ती निंदाच वाटावी. ‘अक्षर छान आहे’ असं कादंबरीबद्दल म्हणणं, तसं.

कार्यालयीन पत्रात हा प्रयोग लिहिला तर उद्धट वाटेल का?

शब्द शिष्टसंमत आहे, संसदेतही चालतो. आरोप मात्र जड आहे, कारण तुम्ही समोरच्याच्या कृतीबरोबर त्याच्या हेतूवरही बोट ठेवता. वरिष्ठांना ‘यू आर पेइंग लिप सर्व्हिस’ असं लिहिण्याऐवजी ‘वी मस्ट गो बियाँड लिप सर्व्हिस’ असं लिहितात. ‘तुम्ही’च्या जागी ‘आपण’ आला की टोचणी तीच राहते आणि नोकरीही राहते.

इतर भाषांतही ओठच आहेत का?

जर्मनमध्ये ‘लिप्पेनबेकेंटनिस’ म्हणतात, ओठांची धर्मकबुली. डच ‘लिप्पेनडीन्स्ट’ म्हणजे जवळजवळ इंग्रजीच. फ्रेंच लोक ‘ओठांच्या टोकाने’ होकार देतात. मराठीने मात्र ओठ कपटासाठी राखून ठेवले आणि या कामाला अख्खं तोंड लावलं.

स्वतःबद्दल असं कुणी म्हणतं का?

म्हणतात, पण बहुधा भूतकाळात: ‘फॉर यिअर्स आय ओन्ली पेड लिप सर्व्हिस टु एक्सरसाइझ.’ वर्तमानकाळात म्हणणारा विरळा. माझंच सांगायचं तर, इंग्रजी वाक्प्रचारांची मराठी सूची करायला हवी, असं मी प्रत्येक कार्यशाळेत तीन वर्षं सांगत आलोय. संगणकावरच्या त्या फाइलीत आजवर अकरा नोंदी झाल्या आहेत. त्यातली सातवी ‘लिप सर्व्हिस’ आहे आणि तिच्यापुढची जागा अजून कोरी आहे.